झाकण उघडू नये

घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राबरोबर एक पातळ पुस्तिका येते. ती कोणी वाचत नाही. ती लिहिणारा माणूस मी. वीस वर्षं माझं पोट याच धंद्यावर चाललं आहे. मिक्सर, गिझर, इस्त्री, कपडे धुण्याचं यंत्र, एकदा तर कानात घालायचं यंत्रसुद्धा. बायको लोकांना सांगते की मी तिला लग्नाचं विचारलं तेसुद्धा क्रमांक घालून. हे साफ खोटं आहे. क्रमांक नव्हते, नुसती टिंबं होती.

माझे सासरे बेकरीवाले. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी स्वतःची भट्टी चालवली. मग हात थरथरायला लागले, तापलेले पत्रे हातातून निसटायला लागले आणि भट्टी बंद करावी लागली. सासूबाई आधीच गेलेल्या. चार महिन्यांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी चहाचं उकळतं पाणी स्वतःच्या पायावर सांडून बसले. पायाला फोड आला तो आठवड्यात बरा झाला, पण बायको घाबरली. ती मला म्हणाली, "त्यांना तोंडावर सांगायला मला जमणार नाही. तू नीट, न दुखावता काहीतरी लिहून लाव. तुझं कामच आहे ते."

मी लिहिलं. लिहिताना मजा आली, हे कबूल करतो. सात कलमं होती. 'स्वयंपाकघरात विनाकारण प्रवेश करू नये' हे पहिलं. 'गॅसची शेगडी स्वतः पेटवू नये' हे दुसरं. पुढची पाचही 'नये'नेच संपणारी होती. ठळक अक्षरात छापून मी तो कागद फ्रिजवर चार चुंबकांनी लावला. सासऱ्यांनी भिंग लावून तो सावकाश वाचला, "छान लिहिलंय," म्हणाले, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. बाहेर जेवणाच्या टेबलाशी, त्याच दाराकडे तोंड करून त्यांची खुर्ची असे, तिथे ते बसून राहत. माझ्या सूचना इतक्या काटेकोरपणे पाळणारा माणूस मला वीस वर्षांत भेटला नव्हता. मी खूश होतो.

मग त्यांचं जेवण कमी झालं. आधी दोन घास, मग एक, मग ताट तसंच. तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. विचारलं की म्हणत, "भूक नाही." उद्या काय करू, असं विचारलं की म्हणत, "बघू." डॉक्टरांनी वजन केलं, एक्कावन्न किलो दोनशे ग्रॅम. पन्नासच्या खाली गेलं तर दवाखान्यात भरती करून नळीने अन्न द्यावं लागेल, असं त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. बायको शाळेत शिकवते. नेमकं तेव्हाच तिला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी जावं लागलं. निघताना ती दारात थांबून म्हणाली, "बाकी घर पडलं तरी चालेल. बाबांचं वजन पडू देऊ नकोस."

ती गेली त्या सकाळी मी दुकानातला ब्रेड आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक तुकडा दोन बोटांत दाबला आणि सोडला. "हा पाव दाबला तर दाबलेलाच राहतो," एवढंच म्हणाले आणि बशी सरकवली. चार महिन्यांत त्यांनी अन्नाबद्दल काढलेला हा पहिलाच शब्द होता. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमच्या माळ्यावर ब्रेड बनवायचं यंत्र होतं. नऊ वर्षांपूर्वी त्याची पुस्तिका मीच लिहिली होती आणि कंपनीने नमुना म्हणून दिलेलं ते यंत्र खोकं न फोडता वर टाकून दिलं होतं. मैदा घाला, पाणी घाला, बटण दाबा, साडेतीन तासांनी ब्रेड काढा. पुस्तिका लिहिणाराच घरात असताना अडचण ती काय येणार, असं मला वाटलं. माणसाला काय काय वाटतं.

पहिल्या दिवशी सगळं पुस्तिकेप्रमाणे केलं. साडेतीन तासांनी झाकण उघडलं तर खाली चिखल, वर कोरडा मैदा आणि मधे कसला तरी पिवळा थर. मी तो प्रकार बशीत काढून सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. "हे मळलंच नाही," ते म्हणाले. यंत्र तर अर्धा तास घरघरत होतं. मी खोकं पुन्हा तपासलं, तर तळाशी कागदात गुंडाळलेलं एक पातं निघालं. पीठ मळणारं पातं हेच. ते भांड्याच्या तळाशी बसवायचं असतं, ही माहिती पुस्तिकेत होती. पान अकरावर, 'स्वच्छता व निगा' या प्रकरणात. तिथे ती का टाकली असेल, हे लेखकाला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पातं बसवलं. या वेळी मळलेलं पीठ झालं, भाजलंही गेलं, पण तसूभर फुगलं नाही. सासऱ्यांनी अंगठा लावला आणि विचारलं, "यीस्ट कधीचं?" मी ऐटीत म्हणालो, "यंत्राबरोबर आलेलंच वापरलं. तशी सूचना आहे." मग पाकीट उलटून तारीख पाहिली आणि ते खिशात घातलं. ते यीस्ट आठ वर्षांपूर्वी मेलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी ताजं यीस्ट आणलं. ब्रेड फुगला, पण इतका घट्ट की सुरी अडकली. "मैदा कपात भरला की कोंबला?" सासऱ्यांनी विचारलं. मी कोंबला होता. पुस्तिकेत 'कप पूर्ण भरावा' असं लिहिलं होतं आणि मी माझं लिहिलेलं मनापासून पाळतो. त्यांनी सांगितलं, "कपाचा नाद सोडा. वजन करा." तेवढं बोलून ते पुन्हा दाराकडे बघत बसले. त्या दिवशी काट्यावर त्यांचं वजन भरलं पन्नास किलो आठशे.

चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरातला छोटा काटा काढला. मैदा पाचशे ग्रॅम, पाणी तीनशे, मीठ एका कोपऱ्यात, यीस्ट मैद्यात खळगा करून त्यात. आणि चक्क ब्रेड झाला. फार देखणा नव्हता, पण ओळखू येत होता. सासऱ्यांनी अर्धा तुकडा खाल्ला. मी बायकोला फोटो पाठवला, सोबत चार ओळींचं आत्मगौरवपर निवेदनही. तिने उलट विचारलं, "अर्ध्या तुकड्याचा फोटो कुठाय?" मी म्हटलं, तो पोटात आहे.

त्यानंतर पुढचे पाच-सहा दिवस त्या यंत्राने माझा पार पोपट केला. मैदा ग्रॅमला ग्रॅम तोच, पाणी थेंबाला थेंब तेच, आणि एके दिवशी ब्रेड मधोमध खचे, दुसऱ्या दिवशी वरून भेगाळे. मी वहीत नोंदी ठेवल्या, आलेख काढला, भांड्याचं तापमान मोजलं. यंत्र सदोष आहे असा ठाम निष्कर्ष काढून कंपनीला दोन पानी पत्राचा मसुदाही तयार केला. सासरे प्रत्येक ब्रेडला अंगठा लावत, एक वाक्य बोलत आणि बशी परत करत. वजन पन्नास किलो दोनशेवर आलं. बायकोला फोनवर मी आकडा सांगितला नाही, "ठीक आहे" म्हणालो. आमच्या धंद्यात अशा वाक्याला अपुरी माहिती म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खचलेला आणखी एक ब्रेड कचऱ्यात टाकत होतो, तेव्हा सासरे खुर्चीतून म्हणाले, "ते पुस्तक द्या बघू इकडे."

त्यांनी भिंग काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. माझी पुस्तिका आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदा सलग वाचत होतं. मला लहानपणी प्रगतिपुस्तक वडिलांच्या हातात दिल्यावर व्हायचं तसं झालं. बराच वेळ गेला.

"जावईबापू," ते म्हणाले, "रंगीत पीठ म्हणजे कुठलं?"

"कुठे आहे तसं?"

"पान चार. रंगीत पीठ व पांढरं पीठ एकत्र टाकू नये."

खोटं बोलायला वाव नव्हता. ती पुस्तिका मी एका दुपारी उरकली होती. धोक्याच्या सूचना नव्याने लिहायचा कंटाळा, म्हणून कपडे धुण्याच्या यंत्राच्या पुस्तिकेतलं ते अख्खं पान उचललं आणि संगणकाला सांगितलं की जिथे जिथे कपडे असेल तिथे तिथे पीठ कर. मग वाचून विचित्र वाक्यं काढली. खिशातली नाणी काढली, चेन लावावी हे काढलं. रंगीत पीठ तेवढं राहून गेलं. नऊ वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण कोणी वाचलंच नाही.

सासऱ्यांनी हे सगळं ऐकून घेतलं. "मग हे खालचं? यंत्र चालू असताना झाकण उघडू नये. हेही कपड्यांचंच?"

मी आठवून पाहिलं. "हो. मधेच उघडलं तर पाणी घरभर होतं."

"पिठाचं होतं का घरभर?"

"नाही."

"मग का उघडायचं नाही?"

इतके दिवस मी त्या झाकणासमोर साडेतीन-साडेतीन तास बसत होतो आणि आत काय चाललंय ते एकदाही बघितलं नव्हतं. माझ्याच एका उचललेल्या वाक्याला घाबरून.

"लिहिताना हे यंत्र तुम्ही बघितलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"खोक्यात होतं."

"आणि खोकं?"

"बंद होतं."

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं थरथर वाढली, औषध द्यायला हवं. मग कळलं की ते हसत आहेत. हसता हसता त्यांनी भिंग खाली ठेवलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "चव्वेचाळीस वर्षांत मी एकदाही न बघता पीठ मळलं नाही हो. मैदा काय रोज सारखं पाणी पितो? हवा ओली असली की कमी पितो. नवीन पोतं फोडलं की त्याचं वेगळंच. दहाव्या मिनिटाला बघायचं. गोळा भांड्याच्या कडा सोडून फिरायला हवा. चिकटत असेल तर चमचाभर मैदा, सुकं असेल तर चमचाभर पाणी. एवढंच आहे ते. बाकी सगळं यंत्र करतंच की."

मी लगेच नवं पीठ घातलं, बटण दाबलं आणि घड्याळ घेऊन उभा राहिलो. दहाव्या मिनिटाला झाकणावर हात ठेवला. उघडलं. काही झालं नाही. यंत्र घरघरत राहिलं. आत एक चिकट लगदा भिंतींना धरून ओढला जात होता.

"चिकटतंय," मी ओरडून सांगितलं.

"किती?" सासरे खुर्चीवरून उठून दारात आले होते.

"बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे किती? बोटाला लागतं की बोटाबरोबर येतं?"

'आवश्यकतेनुसार' आणि 'योग्य प्रमाणात' हे शब्द लिहून ज्याने वीस वर्षं काढली, त्याच्याकडे लगद्याचं वर्णन करायला शब्द नव्हते. सासरे मान लांब करून बघत होते. त्यांच्या चपलांची टोकं उंबऱ्याला टेकली होती, पुढे आली नव्हती.

"अहो, या ना आत. तुम्हीच बघा," मी म्हणालो.

त्यांनी फ्रिजकडे बघितलं. त्या कागदाकडे. मग अगदी सरळपणे, काहीही टोमणा नसलेल्या आवाजात त्यांनी मला विचारलं, "हे कारण धरायचं का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. विनाकारण प्रवेश करू नये. हा माणूस चार महिने टेबलाशी बसून, आत जायला पुरेल असं एखादं कारण सापडतंय का ते शोधत होता. पाणी हवं असलं तरी मागून घेत होता. आणि मी त्याला नीट वागणारा ग्राहक समजून खूश होतो. मला इतकी लाज वाटली की झाकण हातात तसंच राहिलं.

"धरायचं," मी म्हणालो. "या."

ते आत आले. आधी हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. मैद्याचा चमचा उचलला तेव्हा तो इतका हलत होता की अर्धा मैदा ओट्यावर सांडला. त्यांनी त्याकडे बघितलंही नाही, दुसरा चमचा भरला. मग बोटं भांड्याकडे नेली. 'पातं फिरत असताना आत हात घालू नये' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं. ते वाक्य बरोबर होतं, कपड्यांचं नव्हतं. पण मी ते गिळलं आणि यंत्र थांबवायचं बटण दाबलं. त्यांनी पीठ दोन बोटांत धरून ओढलं, सोडलं, अंगठ्याने दाबलं. हात थरथरतच होता. पिठाला त्याचं काही नव्हतं.

"अजून अर्धा चमचा," ते म्हणाले. "बघा आता. हात लावा. कानाची पाळी कशी लागते, तसं लागायला हवं."

मी एका हाताने पीठ आणि दुसऱ्या हाताने स्वतःचा कान चाचपून पाहिला. त्यांनी मान हलवली, तेव्हा यंत्र पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने गोळा कडा सोडून भांड्यात गरगर फिरायला लागला. आम्ही दोघं वाकून तो बघत उभे होतो. पीठ फुगू लागलं तेव्हा मी पुन्हा झाकणाकडे हात नेला, तर त्यांनी हातावर चापट मारली. "आता नाही उघडायचं. आता त्याला ऊब हवी." म्हणजे ते वाक्यही पूर्ण चुकीचं नव्हतं, फक्त मला त्याची वेळ माहीत नव्हती.

दुपारी ब्रेड निघाला. वर गोल, कडेने तांबूस, कापला तर आत सारखी जाळी. गरम असताना कापायचा नाही म्हणून त्यांनी मला पाऊण तास ताटकळत ठेवलं. मग कडेचा जाड तुकडा स्वतः घेतला. तो संपवला. दुसरा घेतला, दाबला, तो परत फुगला, तोही संपवला. मी बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो.

बोटांवरचा चुरा झाडत ते म्हणाले, "उद्या पाणी एक चमचा कमी घालू."

उद्या. मी उठून भांडी घासायला घेतली, कारण डोळे भरून आले होते आणि जावयाने रडू नये असं कुठेतरी मीच लिहिलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला. सदोष यंत्राचं ते दोन पानी पत्र फाडून टाकलं होतं. मला चूक कबूल करायची होती. पान चार, सूचना सहा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करावी, दहाव्या मिनिटाला झाकण उघडून बघावं असं घालावं. पलीकडच्या बाईंनी क्रमांक विचारला, काहीतरी शोधलं आणि म्हणाल्या, "हे मॉडेल बंद होऊन सहा वर्षं झाली. आता पुढची आवृत्ती निघणार नाही. तुमच्याकडे अजून चालतंय का ते?" मी म्हटलं, कालपासून चालतंय. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

म्हणजे ज्यांच्या ज्यांच्याकडे ते यंत्र गेलं, त्यांनी घट्ट आणि खचलेले ब्रेड खाऊन कधीच ते माळ्यावर टाकलं असणार. दुरुस्ती करता येईल असं आता एकच घर उरलं होतं. मी फ्रिजपाशी गेलो आणि चारही चुंबकं काढली.

सासरे ओट्याशी मैदा चाळत होते. कागद माझ्या हातात बघून म्हणाले, "फाडू नका. मागची बाजू कोरी आहे ना? मापं लिहायला होईल."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यात एकही 'नये' आलं नाही. शेवटी मी घाबरत विचारलं, "उकळत्या पाण्याचं काय करू या?"

त्यांनी थोडा विचार केला. "ते तुम्ही ओता," म्हणाले. "मी बघतो."

बायको परत आली ती रविवारी सकाळी. बॅग दारातच टाकून ती आधी काटा घेऊन आली आणि सासऱ्यांना त्यावर उभं केलं. पन्नास किलो नऊशे. तिने दोनदा वाकून आकडा वाचला. मग तिचं लक्ष त्यांच्या बाह्यांवरच्या मैद्याकडे गेलं, मग फ्रिजवर उलटा लावलेल्या कागदाकडे, मग माझ्याकडे. ती त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात जायला निघाली.

"तू हात धुऊन ये आधी," ते आतून म्हणाले. "प्रवासातून आली आहेस."

ती गुपचूप हात धुवायला गेली. मी आधीच धुऊन उभा होतो, पण मला त्यांनी उंबऱ्यावरच थांबवलं. मैदा मी वजन न करता पुन्हा कपात कोंबून भरला होता म्हणे.